थकलेल्या दिवसालाही झेपेल असं खाणं

आहाराचा बेत बहुतेक वेळा रविवारी ठरतो. झोप झालेली असते, पोट भरलेलं असतं, हाताशी वेळ असतो आणि त्या भरात माणूस स्वतःच्या ताकदीचा अंदाज जरा जास्तच लावतो. सकाळी साडेपाचला उठायचं, डबा घरूनच न्यायचा, गोड बंद, रात्री सातनंतर तोंडाला कुलूप. हा बेत पाळायची वेळ येते मंगळवारी रात्री सव्वानऊला. काम लांबलेलं असतं, डोकं चालेनासं झालेलं असतं आणि घरात शिजवलेलं काहीही नसतं. फिटनेससाठी खाणं बदलू पाहणारे बहुतेकजण इथेच अडखळतात. प्रोटीन कशात असतं, साखर किती वाईट, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

म्हणून आहार बेतायचा तो आपल्या सगळ्यात वाईट दिवसाच्या मापाने. चांगल्या दिवशी काय, कुठलाही आहार चालतो. हे जरा पटवून द्यावं लागेल, कारण बाजारात याच्या नेमकं उलट विकलं जातं: कडक, झटपट आणि सहा आठवड्यांत संपणारं.

हिशेब सोपा, वजनकाटा लबाड

आधी गणित उरकून घेऊ. शरीर दिवसभरात जेवढी ऊर्जा खर्च करतं त्याहून कमी पोटात गेली की साठवणीतली वापरली जाते, जास्त गेली की साठवली जाते. एक किलो शारीरिक चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली तर कागदावर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास चरबी कमी व्हायला हवी. प्रत्यक्षात हा वेग हळूहळू मंदावतो, कारण हलक्या शरीराला चालायला-फिरायला आणि नुसतं बसून राहायलाही कमी ऊर्जा लागते. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे ७० किलोच्या माणसाने ३५० ते ७०० ग्रॅम घटवणं, हा वेग बहुतेकांना झेपतो आणि त्यात स्नायूही बऱ्यापैकी टिकतात. उद्दिष्ट स्नायू वाढवण्याचं असेल तर उलट थोडं जास्त खावं लागतं, पण ते ‘थोडं’च. भरमसाट खाल्लं म्हणून स्नायू जास्त वेगाने वाढत नाहीत, वाढते ती चरबी.

गोंधळ होतो तो वजनकाट्यामुळे. स्नायूंमध्ये आणि यकृतात ग्लायकोजेन नावाचा कर्बोदकांचा साठा असतो, सगळा मिळून साधारण अर्धा किलो. त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-पोळी-ब्रेड एकदम बंद केलं की हा साठा रिकामा होतो, पाणी निघून जातं आणि पहिल्याच आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो. त्यात चरबी थोडीच असते. तरी त्या आहाराचं नाव होतं, ते याच पाण्याच्या जोरावर.

उलटही घडतं. समजा काल काटा ७०.२ दाखवत होता. रात्री बाहेर खारट, तिखट, उशिराचं जेवण झालं आणि आज सकाळी आकडा ७१.१. पोटात गोळा येतो. पण ९०० ग्रॅम चरबी चढायची तर एका रात्रीत गरजेपेक्षा सुमारे ७,००० कॅलरी जास्त खाव्या लागतील. एवढं कोणी खात नाही. ते मीठ, त्याने धरलेलं पाणी आणि अजून पचायचं असलेलं अन्न असतं, दोन दिवसांत जातं. म्हणून वजन करायचंच तर ठरावीक वेळी करा आणि आठवड्याची सरासरी काढा. एका सकाळच्या आकड्यावर कुठलाही निर्णय घेऊ नका. स्त्रियांच्या बाबतीत मासिक चक्रानुसारही पाणी कमीजास्त होतं, तेव्हा या महिन्याच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करणं जास्त शहाणपणाचं.

कुठला आहार चांगला?

या प्रश्नावर लोक हमरीतुमरीवर येतात, म्हणून दोनच अभ्यास सांगतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले ख्रिस्तोफर गार्डनर आणि सहकाऱ्यांनी ६०९ जणांना दोन गटांत विभागलं: एक गट कमी चरबीच्या आहारावर, दुसरा कमी कर्बोदकांच्या. दोघांनाही भरपूर भाज्या खा, साखर आणि मैदा टाळा, घरी शिजवा असं सांगितलं होतं. कॅलरी मोजण्याची सक्ती नव्हती. वर्षानंतर पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलोने घटलं, दुसऱ्याचं ६.० किलोने. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा हा फरक नगण्य ठरला. जनुकांवरून कोणाला कुठला आहार लागू पडेल हे सांगता येतं का, हेही त्यांनी तपासलं. सांगता आलं नाही. खरी गंमत गटांच्या आत होती. दोन्ही गटांत काहींनी २५ किलोहून जास्त घटवले आणि काहींचं वजन चक्क वाढलं. म्हणजे आहाराच्या नावापेक्षा माणसामाणसातला फरक कितीतरी मोठा.

दुसरा अभ्यास मायकेल डॅन्सिंगर यांचा, २००५ सालचा. त्या काळी गाजत असलेल्या चार आहारपद्धती १६० जणांना वाटून दिल्या. वर्षभरात साधारण चाळीस टक्के लोक गळाले. वजन किती घटलं याचा संबंध पद्धतीशी फारसा लागला नाही, तो लागला कोणी किती नेमाने आहार पाळला याच्याशी.

तेव्हा शेजारच्याला कीटो, म्हणजे जवळपास कर्बोदकांशिवायचा आहार, मानवला, मैत्रिणीला सोळा तासांचा उपास जमला, यावरून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. सकाळी भूक लागत नसेल तर नाश्ता सोडण्यात गैर काही नाही. सकाळी न खाल्ल्याने अकरा वाजता बिस्किटांचा पुडा फस्त होत असेल तर नाश्ता करा. वाद मिटला.

भूक ही चारित्र्याची परीक्षा नाही

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. उपासमारीने खंगलेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा कसं खाऊपिऊ घालायचं, हे समजून घेण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये एक प्रयोग केला. लढायला तत्त्वतः नकार दिलेले ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात आले. २४ आठवडे त्यांना दिवसाला साधारण १,६०० कॅलरींचं जेवण दिलं आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावलं. वजन सुमारे एक चतुर्थांश उतरलं. पण लक्षात राहतं ते बाकीचं. ही माणसं दिवसरात्र अन्नाचा विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं वाचायची, पाककृती जमवायच्या, ताटं चाटून पुसून घ्यायची, एकेक घास तासन्‌तास चघळत बसायचं. चिडचिड वाढली, उदासी आली, थंडी वाजू लागली, दुसऱ्या कशात मन रमेना. प्रयोग संपल्यावर हवं तेवढं खायची मुभा मिळाली तेव्हा काहींनी अवाढव्य खाल्लं आणि तरीही भूक भागल्यासारखं वाटेना. उतरलेली चरबी परत आली ती पूर्वीपेक्षा थोडी जास्तच.

आता तो १,६०० चा आकडा पुन्हा बघा. कित्येक मोबाइल अ‍ॅप धडधाकट, व्यायाम करणाऱ्या पुरुषाला याहून कमी आकडा बिनदिक्कत देऊन टाकतात. ते तरुण मुळात सडपातळ होते, त्यामुळे भरपूर चरबी असलेल्या माणसावर परिणाम इतका तीव्र होत नाही हे खरं. पण दिशा तीच असते. चरबी कमी झाली की लेप्टिन हे संप्रेरक घटतं, भूक वाढते, नकळत हालचाल कमी होते. खाण्याचे विचार डोक्यात घोंघावू लागतात. ‘माझ्यात जिद्दच नाही’ असं म्हणणाऱ्याने आधी आपली तूट किती मोठी आहे ते तपासावं.

अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा केविन हॉल यांच्या चमूने सहा वर्षांनी पाठपुरावा केला. स्पर्धेत ३० आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी ५८ किलोने घटलं होतं. सहा वर्षांत त्यातले ४१ किलो परत आले होते. त्याहून धक्का देणारी गोष्ट म्हणजे निवांत बसलेल्या अवस्थेतला त्यांचा ऊर्जेचा खर्च त्यांच्या वजनाच्या मानाने अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. एवढ्या टोकाला आपल्यापैकी फार कोणी जात नाही. तरी घाई केली की शरीर आपल्या परीने हात आखडता घेतं, एवढं यातून घ्यायला हरकत नाही.

जाता जाता एक गैरसमज. ‘चाळिशी उलटली, मेटाबॉलिझम मंदावलं’ हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २९ देशांमधल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांवरून २०२१ मध्ये दाखवलं की शरीराचं आकारमान आणि घडण लक्षात घेतली तर ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास स्थिर असतो. चाळिशीत बदलतात त्या दुसऱ्या गोष्टी: बैठं काम, तुटपुंजी झोप, घटलेले स्नायू. यातल्या बऱ्याचशा आपल्या हातात असतात.

ताटात काय हवं

भूक आटोक्यात ठेवायची तर ताटातल्या दोन गोष्टी सगळ्यात जास्त कामी येतात: प्रोटीन आणि चोथा (फायबर). बाकीचं मागाहून बघता येतं.

बैठं काम करणाऱ्या निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रोटीन रोज पुरतं. वजनं उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्याला जास्त लागतं. २०१८ मध्ये ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात सरासरीने दर किलोमागे १.६ ग्रॅमनंतर स्नायूंच्या वाढीत फारशी भर पडताना दिसली नाही. ७० किलोच्या माणसाला हे ११२ ग्रॅम पडतात. ऐकायला फार वाटतं, म्हणून वाटणी करू. चार वेळा खाल्लं तर प्रत्येक वेळी २८ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, मोठ्या पेलाभर दुधात आठ, वाडगाभर म्हणजे २०० ग्रॅम शिजवलेल्या मसुरात अठराच्या आसपास, शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये तीस. आता नेहमीचा नाश्ता आठवून बघा: चहा, ब्रेड किंवा बिस्किटं. पाच-सहा ग्रॅमवर गाडी थांबते. दुपारचंही तसंच, आणि मग सगळा भार रात्रीच्या जेवणावर. आधीच्या खाण्यात फक्त दोन अंडी आणि पेलाभर दूध घातलं तर वीस ग्रॅम तिथेच मिळतात. पूर्ण आहार न बदलता एवढीच एक दुरुस्ती केली तरी अकरा वाजताची खा-खा बऱ्याच जणांची कमी होते, कारण प्रोटीनने पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं. शिवाय प्रोटीन पचवण्यातच त्यातली २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते. कर्बोदकांच्या बाबतीत हा खर्च पाच-दहा टक्के, चरबीच्या बाबतीत त्याहून कमी.

शाकाहारी लोकांना हे जमतं का? जमतं, जरा नियोजन लागतं. कडधान्यात जे अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनचा घटक, कमी असतं ते धान्यात असतं आणि धान्यात कमी ते कडधान्यात. दोन्ही एकाच घासाला खायची गरज नाही, दिवसभरात पोटात गेली की झालं. सोयाबीन, दूध, दही यांनी आकडा पटकन वर जातो. प्रोटीन पावडर हा सोयीचा प्रकार आहे, औषध नाही आणि विषही नाही. डब्यात येणाऱ्या एका मापात साधारण २० ते २५ ग्रॅम प्रोटीन मिळतं. परवडत असेल आणि जेवणातून भागत नसेल तर घ्या. व्यायामानंतर अर्ध्या तासात प्यायलाच हवी, ही मात्र निव्वळ घाई. दिवसभराची बेरीज जास्त महत्त्वाची.

चोथ्याचं गणित आणखी सोपं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं आणि किमान २५ ग्रॅम चोथा सुचवते. बहुतेक भाज्यांच्या १०० ग्रॅममध्ये २० ते ५० कॅलरी असतात, तेवढ्याच बिस्किटांत साडेचारशेच्या पुढे. पोटाला आकारमान कळतं, त्यामुळे अर्धं ताट भाजीने भरलं की बाकीचं आपोआप कमी खाल्लं जातं. फक्त चोथा एकदम वाढवू नका, गॅसने जीव नकोसा होईल. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणीही वाढवा. भाजीत तेल किती पडतंय याकडेही एक नजर असू द्या: मोठा चमचाभर तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी, आणि कढईत ते चमच्याने मोजून क्वचितच पडतं.

पाकिटबंद खाण्याबद्दल एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनीच २० जणांना चार आठवडे दवाखान्यात ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं जेवण, दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्हींत समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ, चोथा यांचं प्रमाण जुळवलेलं होतं. हवं तेवढं खा, एवढीच सूचना. अतिप्रक्रिया केलेल्या आहारावर लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत वजन जवळपास एक किलोने वाढलं. दुसऱ्या आहारावर तेवढंच घटलं. ते अन्न मऊ होतं, ते भराभर खाल्लं गेलं, हे एक संभाव्य कारण. यावरून पाकीट फोडणं पाप ठरत नाही. फ्रोझन मटारही पाकिटातच येतात. पण रोजच्या खाण्यात चावावं लागणारं, ओळखू येणारं अन्न जास्त असेल तर मोजमाप न करताही बराच फरक पडतो.

पळणारे, सायकल चालवणारे यांच्यासाठी एक पुरवणी. कर्बोदकांना घाबरू नका. रोज तासभर बऱ्यापैकी दमवणारा व्यायाम करणाऱ्याला दर किलोमागे पाच ते सात ग्रॅम कर्बोदकं सुचवली जातात. ती कापली की पाय शिशाचे होतात आणि दोष सरावाला दिला जातो.

सवय कशी लागते

२१ दिवसांत सवय लागते, असं सर्रास सांगितलं जातं. याचं मूळ बहुधा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं. खाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि ‘किमान’ हा शब्दही वाटेत कुठे तरी गळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष अभ्यास केला. दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, जेवणाआधी पळायला जाणं अशा गोष्टी लोकांनी स्वतः निवडल्या होत्या. कृती आपसूक व्हायला लागलेल्या दिवसांचा मध्यक, म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त दिवस लागले तो आकडा, आला ६६, आणि पसारा १८ पासून २५४ पर्यंत. सोप्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या, व्यायामाला जास्त काळ लागला. सगळ्यात दिलासा देणारी बाब अशी की मध्येच एखादा दिवस चुकला तरी सवय घडण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही.

या सगळ्यांच्या सवयीत एक गोष्ट समान होती: नवी कृती रोज घडणाऱ्या एखाद्या जुन्या गोष्टीला बांधलेली होती. ‘जास्त भाज्या खाईन’ हे नुसतं मत झालं. ‘दुपारी ताट वाढताना पहिली भाजी वाढेन’ ही सूचना झाली, तिला वेळ आहे आणि जागाही आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा जर-तर बेतांवर बरंच काम केलं आहे, आणि नुसत्या इराद्यापेक्षा असे बेत जास्त वेळा पार पडतात असं दिसलं आहे.

आता त्या थकलेल्या मंगळवारच्या स्वयंपाकघरात जाऊ. फ्रीजरमध्ये शिजवलेल्या कडधान्याचे तीन डबे आहेत, प्रत्येकावर तारखेची चिकटपट्टी. खालच्या कप्प्यात सहा अंडी, मटारचं पाकीट, चिरून ठेवलेला कोबी. डबा गरम पाण्यात ठेवायचा, तव्यावर कोबी आणि मटार परतायचे, वर दोन अंडी फोडायची. बारा-पंधरा मिनिटांत जेवण तयार, प्रोटीन तीस ग्रॅमच्या आसपास, विचार शून्य. हे जेवण काही फोटो काढण्याजोगं नाही. पण मागवलेलं जेवण यायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि दमलेल्या माणसाला हवं असतं ते कमी कष्टाचं, वाईट असेलच असं नाही. तो डबा रविवारी भरून ठेवणं हाच रविवारच्या उत्साहाचा खरा उपयोग.

असं प्रत्येक सवयीचं एक हलकं रूप ठरवून ठेवा. पूर्ण बेत: घरचं ताजं जेवण, दोन भाज्या. दमलेल्या दिवशी: फ्रीजरचा डबा आणि अंडी. अगदीच काही होत नसेल तर दही, फळ, मूठभर शेंगदाणे आणि झोप. तिसरं रूपही ‘पाळलं’ या रकान्यात धरायचं. प्रवास, लग्नकार्य, आजारपण यांतून आहार तरतो तो याच्याच आधाराने.

डोळ्यांसमोर काय असतं यानेही फरक पडतो. ओट्यावर फळं आणि वरच्या फळीवर मागे बिस्किटं, एवढ्याने हात आधी कुठे जातो ते बदलतं. मात्र लहान ताट घेतलं की आपोआप कमी खाल्लं जातं, असल्या चटकदार दाव्यांपासून चार हात दूर राहिलेलं बरं. या क्षेत्रात सगळ्यात गाजलेले कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॅन्सिंक यांचे सहा शोधनिबंध २०१८ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकांच्या समूहाने एकाच वेळी मागे घेतले आणि त्यांना विद्यापीठ सोडावं लागलं.

बेत मोडला की

१९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी काही तरुणींना आइस्क्रीमची ‘चव तपासायला’ बोलावलं. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिला होता. एरवी खाण्याची फिकीर न करणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, जे साहजिकच आहे. सतत डाएटवर असणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. बेत मोडलाच आहे तर आता कशाला आवरायचं, असा तो हिशेब.

हाच हिशेब आकड्यांत मांडून बघा. सहा दिवस रोज ५०० ची तूट राखली, म्हणजे ३,०००. सातव्या दिवशी जेवणात गरजेपेक्षा १,००० जास्त गेल्या. आठवड्याची तूट तरीही २,००० उरते, म्हणजे आठवडा चांगला गेला. पण त्या एका जेवणानंतर ‘सोमवारपासून नव्याने सुरू’ म्हणत असे तीन दिवस काढले तर चार दिवसांची २,००० ची तूट विरुद्ध ३,००० ची भर. आठवडा तोट्यात. नुकसान पहिल्या जेवणाने केलं नाही, पुढच्या दोन दिवसांनी केलं. म्हणून पुढचं जेवण नेहमीसारखं जेवायचं. उपास करून भरपाई नको, कारण त्याने संध्याकाळी भूक उसळते आणि चक्र पुन्हा सुरू होतं. एखादा पदार्थ कायमचा बंद करण्यापेक्षा आठवड्यात तो कधी, कोणाबरोबर खायचा हे ठरवलेलं जास्त काळ टिकतं.

मोजावं का?

थोडे दिवस, हो. १९९२ मध्ये स्टीव्हन लिक्टमन यांच्या गटाने अशा लोकांचा अभ्यास केला जे ठामपणे सांगत होते की आपण १,२०० कॅलरींपेक्षा कमी खातो, तरी वजन उतरत नाही. अचूक पद्धतींनी मोजल्यावर दिसलं की ते प्रत्यक्ष खात होते त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त सांगत होते. त्यांचं मेटाबॉलिझम व्यवस्थित होतं. हे खोटारडेपण नसतं. मुलाच्या ताटातला उरलेला घास, चहातली साखर, परतताना ओतलेलं तेल ध्यानातच राहत नाही. दोनेक आठवडे सगळं वजन करून लिहिलं की नजर तयार होते, मग काटा कपाटात ठेवता येतो. ज्यांना पूर्वी खाण्याचा आजार होऊन गेला आहे किंवा आकड्यांनी जीव कासावीस होतो, त्यांनी मोजण्याच्या फंदात पडू नये. ताटाची विभागणी त्यांना पुरेल.

झोपेचा उल्लेख टाळता येणार नाही. शिकागोत झालेल्या २०१० च्या एका छोट्या प्रयोगात दहा जणांना तोच तुटीचा आहार एकदा साडेआठ तासांच्या आणि एकदा साडेपाच तासांच्या झोपेसह दोन-दोन आठवडे दिला. वजन दोन्ही वेळा साधारण सारखंच घटलं, पण कमी झोपेच्या वेळी त्यात चरबी ०.६ किलो होती, पुऱ्या झोपेच्या वेळी १.४ किलो. बाकीची घट बहुतांशी स्नायूंसारख्या ऊतींची. रात्रीचा दीड तास मोबाइलवर घालवून सकाळी प्रोटीन ग्रॅमवारीने मोजणाऱ्याने हे आकडे एकदा बघावेत.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, गर्भारपण किंवा अंगावर पाजणं चालू असेल तर वरचे आकडे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय वापरू नका. आणि व्यायाम वाढवून खाणं कमी केल्यावर पाळी अनियमित झाली, सतत थंडी वाजू लागली, दुखापती भरून येईनात, तर ती चिकाटीची खूण समजू नका. शरीराला ऊर्जा पुरत नाहीये. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आहे आणि ती पुरुष खेळाडूंमध्येही आढळते. तिथे तूट थांबवायची, डॉक्टर गाठायचे.

वजन हवं तिथे पोचलं की बहुतेक बेत संपतात, आणि तिथूनच ते परत चढायला लागतं. ठरलेलं वजन आल्यावर खाणं रोज १०० ते २०० कॅलरींनी वाढवा, म्हणजे एखादं फळ आणि मूठभर शेंगदाणे. दोन-तीन आठवड्यांची सरासरी बघा, स्थिर असेल तर आणखी तेवढंच वाढवा. सुरुवातीला काटा अर्धा-एक किलो वर जाईल, तो ग्लायकोजेन आणि पाण्याचा. सरासरी त्यानंतरही चढतच राहिली तर शेवटची वाढ मागे घ्या. नाश्त्यातली अंडी, फ्रीजरमधले डबे आणि अर्धं ताट भाजी यांना या काळात हात लावायचा नाही, बदलायचं ते फक्त बाजूला वाढलेलं प्रमाण.